दवाईचा डाग

अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या सासूबाईंनी डॉक्टरबाईंना असा प्रश्न विचारला, की त्या लिहिता लिहिता थांबल्याच. बोंडअळीनं सगळा कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यातली गोष्ट.

आधी माझं दुखणं सांगते. पाळी आली की जायचं नावच घेत नव्हती... वर्गात शिकवताना सगळं लक्ष साडीच्या मागच्या बाजूकडे, आणि शाळेचा जिना चढताना धाप. अंगात रक्त इतकं कमी झालं होतं की फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

यावर आमच्याकडे एकच औषध, 'पिशवी काढून टाक.' बार्शीटाकळीतल्या आमच्या गल्लीत चाळिशीच्या बायकांमध्ये पिशवी शिल्लक असलेली मीच एकटी, असं तेव्हा वाटायचं! अमरावतीहून बहिणीचा फोन, माझी काढली, मोकळी झाले. भाजीवालीसुद्धा मेथी देता देता तेच सांगून गेली.

आमच्या ह्यांनी तर कहरच केला. "यंदा तसंही वेचाले कापूस नाई, घरी काम कमी हाय... उरकून घे," म्हणाले. म्हणजे बोंडअळीनं केलेला उपकार वाया जायला नको! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी मीच डॉक्टरांची वेळ घेतली. सासूबाई म्हणाल्या, मी येते. नको म्हणायची सोय नव्हती.

सोनोग्राफी झाली, बाकीच्या तपासण्या झाल्या. गाठ नाही, भिण्यासारखं काही नाही. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायच्याच. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या मी घेऊन पाहिल्या होत्या, त्यांनी फार फरक पडला नव्हता. मग हार्मोनचं एक छोटं साधन गर्भाशयात बसवता येतं, ते काही वर्षं काम करतं. त्यानंही भागलं नाही तर आतलं अस्तर जाळायचा उपाय आहे. पिशवी काढायची ती अगदी शेवटी. मला ते साधन पटलं... पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शरीराबद्दल माझ्याशी बोलत होतं.

"फक्त सुरुवातीचे काही महिने अधूनमधून थोडे डाग दिसतील, कधी कधी सहा महिनेही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि तिथे सासूबाई पुढे सरकल्या. "बाई, डाग दिसला त त्या दिवशी बाहेर बसाचं का नाई?"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

आमच्या घरी अजून बाहेर बसतात. बाहेर म्हणजे मागची खोली... स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. शाळेत भरल्या वर्गात वावरलेली मी चालते, घरातल्या पिठाच्या डब्याला चालत नाही. यावर मी भांडून भांडून थकले होते.

"सहा मयने? मंग संक्रांत, होळी, पाडवा... घरचं कोन करन? त्यापरीस काढलेली बरी."

परतताना एसटीत मी खिडकीबाहेर पाहत रडत होते. रागानं. माझ्या पोटातला एक अवयव राहणार की जाणार, हे पुरणाच्या स्वयंपाकावर ठरत होतं!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शबानाभाभी ब्लाऊज द्यायला आल्या. आमच्या गल्लीचं सगळं शिवणकाम त्याच करतात. माझं तोंड पाहून विचारलं, आणि मी सासूबाईंच्या समोरच सगळं ओकून टाकलं.

भाभी हसल्या. "मी बी तेच बसवलं नं, दोन वर्सं झाले. मले बी हाच सवाल पडला होता, काकू... नमाजचं कसं कराचं? मंग आमच्या मदरशात शिकवनाऱ्या आपाले इचारलं. आमच्यात दहा दिवसाच्या वर गेलं का ते पाळीत धरत नाई, बीमारीत धरते. नमाज पढाची, रोजा ठेवाचा."

सासूबाई तूर निवडत होत्या. हात थांबला. "बीमारीत धरते?"

"हौ."

सासूबाईंनी तुरीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग सुपात पाहतच म्हणाल्या, "बरोबर हाय. बीमारीले इटाळ कायचा? दवाईनं डाग आला त तो दवाईचा डाग."

झालं! सोनोग्राफी, डॉक्टरबाई, माझं बीएड... कशानंच जे झालं नाही, ते एका ब्लाऊजच्या खेपेत झालं. आनंद मानावा की डोकं आपटावं, कळेना. पण त्याच आठवड्यात मी साधन बसवून घेतलं.

होळीच्या सकाळी डाग दिसलाच. पाळी नव्हती, नुसता डाग. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं, "आई, डाग आहे." आत जायचा धीर होईना.

"दवाईचा नं? मंग ये, पुरन वाट."

मी वाटायला बसले. त्या चुलीपाशी पोळ्यांची कणीक मळत होत्या. मधेच, माझ्याकडे न पाहता बोलल्या, "माही पिशवी काऊन काढली, मालूम हाय? अर्धा मयना बाहेरच राहो मी. सासू बोले, जाव बोले... म्हनून काढली. दुखत त काईच नोतं."

तेव्हा त्या माझ्यापेक्षा कितीतरी लहान होत्या. तेव्हापासून त्यांची हाडं दुखतात, भर थंडीत अंगाची आग होते... आणि मी इतकी वर्षं त्यांच्यावर चिडत आले.

माझं आता बरंच बरं आहे. जिना चढते, पांढरी साडीही नेसते. शबानाभाभी, तुमचे आभार कसे मानू...

फक्त एक वाटत राहतं. सासूबाईंच्या वेळी कुणीतरी असंच ब्लाऊज द्यायला यायला हवं होतं.