इओतेबाच्या खड्ड्यातलं गुपित

इकडे समुद्र, तिकडे समुद्र, आणि मधे जी चिंचोळी पट्टी उरते तिला आम्ही देश म्हणतो. त्या देशातला सगळ्यात आतल्या गाठीचा माणूस म्हणजे इओतेबा. गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यात तो बाबाई लावायचा. बाबाई म्हणजे अळूचाच थोरला भाऊ, कंद मांडीएवढा. त्याला खत कोणत्या पानांचं घालायचं, हे आमच्याकडे घरोघरचं गुपित. विचारणाऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही. इओतेबानं तर बायकोलाही सांगितलं नव्हतं. उद्या रुसून माहेरी गेलीस म्हणजे, असं तो मुलगी लग्नाला आली तरी म्हणायचा.

मुलीचं लग्न ठरलं. वधूपित्यानं स्वतःच्या खड्ड्यातला कंद सभागृहात मांडायचा, आणि गावातल्या घरोघरीनं आपापला. नाही मांडला तर घराची अब्रू गेली. त्याच सुमारास उधाणाच्या लाटा पट्टी ओलांडून गेल्या आणि थोड्याच दिवसांत बाबाईची पानं कडेनं करपली. इओतेबानं खड्ड्यातलं पाणी जिभेला लावलं. खारट. आधी त्यानं शेजारच्या तेकिमारेवर संशय घेतला, मग नशिबावर. समुद्रावर घ्यायचं सुचलं नाही, तो घरचाच ना. खड्ड्यावर झावळ्या पसरून तो गावाला सांगू लागला की यंदा कंद सावलीत पोसतोय.

शेवटी उत्तरेच्या बेटावरल्या मेहुण्याकडून त्यानं एक कंद मागवला आणि चटईत गुंडाळून तान्ह्या बाळासारखा होडीतून उतरवून घेतला. बायकोच्या नजरेतून काही सुटलं नाही.

"खत लपवलंत माझ्यापासून, आता कंदही लपवा," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी घरोघरचे कंद ओळीनं मांडले गेले. उत्तरेकडे देठ तिरपा कापतात, आमच्याकडे सरळ. त्या ओळीतला एकूण एक देठ तिरपा होता. म्हणजे गावातला एकही खड्डा गोडा उरला नव्हता, आणि कोणी कोणाला बोललं नव्हतं. म्हातारेकोतारे बघत बसले. तेकिमारे खाकरला.

"यंदा पीक बरं आलं तुमचं."

"तुमचंही काही कमी नाही," इओतेबा म्हणाला.

मग सगळ्यांत थोरल्या म्हाताऱ्यानं आपल्या बेटाच्या मातीची तोंड भरून स्तुती केली, आणि मंडळी माना डोलावत जेवली.

जेवणानंतर रीतीप्रमाणे इओतेबानं जावयाला होड्यांच्या छपराआड नेलं आणि गुपित सांगायला घेतलं: कोणतं पान, किती वाळवायचं, केवड्याच्या टोपलीत कसं दाबायचं. पणजोबांपासून जपलेलं. सांगताना त्याला रडू येत होतं. जावई बिचारा आज्ञाधारकपणे मान हलवत होता. तेवढ्यात तेकिमारे शेजारून जाताना दिसला. इओतेबानं आवाज चढवला आणि पानाचं नाव पुन्हा एकदा घेतलं, अगदी स्पष्ट.

तेकिमारेला ते ऐकू गेलं. तो थांबला नाही.