परसबागेतली टिनाची खोली

मैत्रिणींनो, आज नातीनं बागेत स्वतः बांधलेली टिनाची खोली दाखवायला बोलावलं. माझं आत पाऊलच पडेना.

साठच्या दशकात अचलपूरला ह्यांनी आणि मी मिळून अशीच खोली बांधली होती, कुदळ-फावडी ठेवायला. एका दुपारी मी आत असताना वाऱ्यानं दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली. टिन तापलेलं, श्वास कोंडलेला. मी दारावर नुसती हळूहळू थापा मारत राहिले.

हे कामावरून आले, तेव्हा दार उघडलं.

"अवं, आवाज काहून नाही देला?"

"मामंजी ओसरीवर होते ना. मोठ्यानं कशी ओरडू?"

ह्यांनी ती कडीच उपटून काढली.

तुमच्यापैकी कोण कोण असं गप्प राहून अडकलंय?