बिनग्रीसची बेअरिंग्ज आणि आम्ही

वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढाच ढीग!

सातपूरला माझ्या काकांचं मशीन-दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जर्मनीत सहा वर्षं घर्षण शिकून मी परत आले, ती थेट त्यांच्या मागच्या खोलीत. बेअरिंगवर अतिपातळ कोरडा लेप द्यायचा, म्हणजे ग्रीस लागतच नाही, हे माझं काम. घर्षणात देशाची किती वीज वाया जाते या विचाराने मला झोप लागत नाही. काकांना लागते. त्यांची अट एकच, "दिवाळीपर्यंत एक तरी ऑर्डर आण. नाहीतर त्या खोलीत लेथ येणार!"

* * *

नामदेवभाऊ हे काकांचे जुने फिटर. तीस वर्षं हात ग्रीसमध्ये. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, लेप दाखवा."

"दिसत नाही, भाऊ. केसाचे उभे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा जाड असतो."

भाऊंनी शांतपणे टोपी काढली. खाली लख्ख टक्कल.

"दुसरं माप सांगा."

* * *

लेप तपासायला माझ्याकडे एक सेकंडहँड सूक्ष्मदर्शक आहे. त्याची बारीक सुई पृष्ठभाग चाचपत जाते. जर्मनीत त्याला स्वतंत्र तळघर होतं. इथे शेजारी पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस! धाड झालं की माझ्या सपाट लेपावर सह्याद्री उगवायचा.

भाऊंनी ट्रकच्या जुन्या ट्यूब कापल्या, छताच्या हुकांना बांधल्या, त्यावर शहाबादी फरशी टांगली आणि फरशीवर यंत्र ठेवलं. हादरे बंद! मी आनंदाने उड्याच मारल्या.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. छताला टांगलेल्या त्या प्रकाराकडे आणि हळुवार हाताने तो स्थिर करणाऱ्या माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"अगं, पाळणा काय बांधतेस? आधी लग्नाचं बघ!"

* * *

एकदा मला मोठा शोध लागला. रोज अकरा ते बारा या वेळात माझ्या नमुन्यांचं घर्षण एकदम कमी व्हायचं. आठवडाभर आलेख काढले. तापमान तपासलं, आर्द्रता तपासली, काही जुळेना. शेवटी जर्मनीतल्या माझ्या प्रोफेसरांना मेल टाकली.

भाऊंनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. "शेजारच्या कँटीनमध्ये अकराला वडे तळतात, ताई."

मी खिडकी लावली. शोध संपला! तेलाची वाफ येऊन माझ्या नमुन्यांवर बसत होती, बाकी काही नाही.

संध्याकाळी प्रोफेसरांचं उत्तर आलं. फारच उत्सुक होते. कोणतं वंगण वापरलंत, असं विचारलं होतं.

खोटं कशाला बोलायचं? लिहिलं, "शेंगदाणा. डबल फिल्टर."

* * *

मग विंचूरचे कांदा व्यापारी सोपानराव चाचणीला तयार झाले. कांदे निवडायच्या मशीनमध्ये ग्रीसला टरफलं चिकटतात आणि बेअरिंग जाम होतं. मी माझी बारा कोरडी बेअरिंग्ज बसवली आणि वर बोर्ड लावला, 'ग्रीस लावू नये'.

आठवड्याने गेले तर सगळी तेलाने चमकत होती! मशीनवर यमुनाबाई असतात. त्यांना विचारलं, "बोर्ड वाचला नाही का?"

"वाचला ना! म्हणून तर ग्रीस नाय लावलं. खोबरेल लावलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लय कोरडी होती वो, बघवंना."

नवा बोर्ड लावला, 'काहीही लावू नये'.

* * *

दिवाळीला दहा दिवस उरले आणि सोपानरावांचा फोन आला. "ताई, तुमची बेअरिंग्ज काढून न्या."

काकांनी लगेच लेथवाल्याचा नंबर शोधला. मी, काका आणि भाऊ विंचूरला गेलो. एक बेअरिंग उघडून पाहिलं, तर ओरखडासुद्धा नाही! इतक्या दिवसांत एकदाही जाम झालं नव्हतं.

"मग अडचण काय आहे?"

"आवाज!" सोपानरावांनी रस्त्यापलीकडचं घर दाखवलं. "जुनी बेअरिंग्ज किंचाळायची, तर मला जेवता जेवता कळायचं, काम चालू आहे. आवाज थांबला की मी ओट्यावरून ओरडायचो. आता सगळं शांत! बघायला दिवसभर हेलपाटे घालतोय."

"आमचा मात्र च्या निवांत होतो," कांद्याच्या ढिगाआडून यमुनाबाई म्हणाल्या. कांदे निवडणाऱ्या सगळ्या बायका हसल्या.

मी सांगून पाहिलं. आवाज म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, थेंबे थेंबे देशाचं नुकसान! सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"पटलं. पण मला कळणार कसं?"

भाऊ भंगाराच्या डब्याकडे गेले. एक गंजकं बेअरिंग कानाशी धरून फिरवलं, टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं मात्र असं किंचाळलं की कुत्रं उठून गेलं. "हे घ्या!"

माझी अकरा ठेवली आणि शेवटच्या जागी ते बसवलं. मशीन चालू केलं. सोपानराव रस्ता ओलांडून ओट्यावर जाऊन बसले, डोळे मिटले आणि तिथूनच हात वर केला.

ऑर्डर मिळाली! तीन मशीन्सची. प्रत्येकात माझी अकरा, भाऊंचं एक. काकांनी लेथवाल्याला "जरा थांबा" म्हणून कळवलं. मी ऑर्डरचा कागद पुढे केला, तर सोपानरावांचं पेन सहीवर थबकलं.

"एक विचारू? हे ओरडणारं कधी गप्प झालं, तर वॉरंटीत बदलून द्याल ना?"