तळ्याकाठचा वीर

मावशीच्या गावी तळ्याकाठी एक वीरगळ आहे. गावाची गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना कुणी एक मेला, त्याच्या आठवणीसाठी फार पूर्वी उभारलेला दगड. खाली गाई कोरल्यात, मध्ये लढाई, वर स्वर्ग. नाव मात्र कुठेच नाही. गावाने त्याला देव मानून इतका शेंदूर थापलाय, की वीराचा चेहराही आता दिसत नाही.

काल संध्याकाळी मी तिथे बसलो होतो. मावशीची गाय नुकतीच व्याली, म्हणून मावशी पहिल्या चिकाची वाटी घेऊन आली.

"मावशी, हा देव नाही गं. माणूस होता."

"असेल," म्हणत तिने चीक दगडावर ओतला. "मग त्याला भूकही लागत असेल."

ज्यांची नावं राहिली त्या राजांना कोण असा ताजा चीक आणून देतं?

गुरं घरी परतत होती. त्यातली एक गाय थांबली आणि दगडाच्या कडेला मान घासू लागली. मी हाकलायला उठलो.

"घासू दे रे," मावशी म्हणाली. "तिच्यासाठीच तर उभा राहिला होता तो."