थंड झाल्यावरचं माप

काशीदादा माप घेण्याआधी सिलिंडर गालाला लावायचे. मोटरसायकलचं ते जड लोखंडी सिलिंडर, आतून नुकतंच कातलेलं, तेलाने माखलेलं. ते दोन्ही हातांनी उचलून गालाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. त्यांच्या तळहातांना एवढे घट्टे पडले होते की ऊब कळायची नाही, म्हणून गाल. सिलिंडर कोमट लागलं की ते पिस्टनशेजारी लोखंडी पाटावर ठेवून देत आणि तासभर त्याला कोणी हात लावायचा नाही. "दोघांना एका हवेत बसू दे," म्हणायचे, "मंग माप खरं."

नायगावला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. घरचे सगळे मिठागरावरचे, हे एकटेच मशीनकडे वळले. झिजलेलं सिलिंडर आतून किंचित मोठं कातायचं, त्यात मोठ्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा आणि दोघांच्या मध्ये केसाच्या निम्म्याइतकी फट ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पिस्टन हातात आल्याशिवाय ते मशीन चालू करत नसत. डब्यावर छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एव्हरशाईनच्या नव्या इमारतींतून आलेला एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ दाखवून फट किती ठेवायची ते त्यांना शिकवायला लागला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, त्या व्हिडिओवाल्याचा पिस्टन घेऊन ये, त्याला बरोबर बसवून देतो.

गिऱ्हाइकांना इंजिन घट्ट हवं असायचं. आवाज नको, धूर नको. काशीदादा समजावून थकायचे. पिस्टन तापला की सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. "सैल बसला तर नुसता बोंबलतो," ते सांगायचे. "टाइट बसला तर मानूस मारतो."

हे सगळं मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे बसून चहा प्यायलो होतो. तरीही मी जे केलं ते केलं.

माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची, मनोरच्या एका कंपनीत मुलाखत होती. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच. दोन वर्षं तो नोकरीसाठी वणवण करत होता. आमची मोटरसायकल काशीदादांकडे उघडून पडली होती आणि पिस्टन नेमका मुलाखतीच्या सकाळी मिळाला. सिलिंडर कातून झालं, काशीदादांनी गालाला लावलं आणि पाटावर ठेवलं. मी घड्याळ दाखवलं. आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. एकदा गरम मापलं तर काय आभाळ कोसळणार आहे, असंही म्हणालो. मिलिंदला एसटीने जा म्हटलं असतं तर चाललं असतं, पण ते मला सुचलंच नाही.

शेवटी त्यांनी ते गरम असतानाच मापलं. थंड झाल्यावर सिलिंडर आवळणार म्हणून अंदाजाने थोडी फट वाढवली, इंजिन जोडलं आणि किल्ली देताना माझा हात धरून म्हणाले, "आज चाळीसच्या वर नाय न्यायची. मधी मधी थांबवायची. उद्या परत आन, खोलून बघतो. त्याला नीट सांग."

मी सांगितलं नाही. चाळीसने गेला तर उशीर होईल, मुलाखतीआधी त्याच्या डोक्याला ताप कशाला, असा विचार केला. त्याला म्हणालो, "झकास झालीय गाडी, बिनधास्त जा."

मनोरच्या अलीकडे हायवेवर पिस्टन आत अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. मागून टेम्पो येत होता. मिलिंद वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काशीदादांनी ते इंजिन स्वतः खोललं, पुन्हा मापलं आणि थेट हॉस्पिटलात आले. त्यांचा अंदाज कमी पडला होता. फट हवी त्याच्या निम्मीच निघाली होती. मिलिंदच्या खाटेपाशी उभं राहून म्हणाले, माप मी गरम असताना घेतलं, चूक माझी. मिलिंदने तोंड फिरवलं. मी पायथ्याशी उभा होतो. आता ते चाळीसचं सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी ते सांगितलं नाही. मीही नाही. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, याची आजही लाज वाटते.

त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. मिलिंद भेटेल त्याला सांगायचा की म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याने माझा पाय घेतला. ऐकणाऱ्यांत मीही असायचो. सहा-सात महिन्यांनी मी वर्कशॉपवर गेलो. मशीनवर गोणपाट टाकलेलं होतं आणि काशीदादा दारात खुर्ची टाकून बसले होते. मिलिंदला सगळं सांगतो, म्हणालो.

"माप कोनी घेतलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. पण घाई माझी होती. आणि निरोप..."

"तो माझ्याशी नाय बोलला तरी माझं चालतंय. तुझ्याशी नाय बोलला तर त्याला पानी कोन देनार?"

मी ते ऐकलं, कारण ते मला सोयीचं होतं. चार वर्षं त्यांनी माझ्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्या. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले. फुप्फुसांचं दुखणं होतं, अंथरुणाला फार दिवस खिळून नव्हते.

बातमी आली तेव्हा मिलिंद खिडकीपाशी बसला होता. "बरं झालं," म्हणाला. तेवढ्यावर माझ्याने राहवलं नाही. घाई, चाळीस, उद्या परत आण, सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांनी तुला सांगितलं होतं?"

"हो."

"मला सांग म्हणून?"

"हो."

त्याने कृत्रिम पाय चढवला, पट्टे बांधले आणि स्वच्छ शर्ट घातला. काशीदादांना अजून घरातून नेलं नव्हतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले उतरायचे असतात आणि चार वर्षं तो माझ्या खांद्यावर हात ठेवूनच उतरत आला होता. मी दारात जाऊन खांदा पुढे केला. तो माझ्या बाजूने निघून गेला आणि कठडा धरून, एकेक पायरी, एकटा उतरत राहिला.