भिंतीतला फुलाफुलांचा पडदा

माझ्या थोरल्या भावाला सगळे ओळंबा म्हणतात. तो गवंडी आहे, आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा कायम त्याच्या खिशात असतो. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हा पठ्ठ्या मागच्या खांबाकडे. खांब तिरका होता म्हणे.

माझं घर डोंगराच्या उतारावर. डोंगराची माती अंगावर येऊ नये म्हणून स्वयंपाकघरामागे दोन पुरुष उंचीची दगडी भिंत आहे. दादाने स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं ते पहिलं काम, त्याला बारा वर्षं झाली. माझ्याकडे जेवायला आला की अजून तो भिंतीकडे तोंड करून बसतो. भाजी कशी झालीय ते त्याला आजवर सांगता आलेलं नाही.

त्या भिंतीला पोट सुटलं. मधोमध फुगवटा आणि त्यावर नखभर रुंद भेग. दादाने ओळंबा सोडला आणि बोटं लावून अंतर मोजलं. भिंत चार बोटं पुढे आली होती. मला कुठलं गप्प बसवतंय? "स्वतःच्या बहिणीच्या घराला असली भिंत बांधलीस होय रे? परक्यांचं काय करत असशील?" शेजारपाजारचे जमले होते, त्यांच्यासमोर मी वाट्टेल ते बोलले.

सरकारी इंजिनीअर बाई येऊन बघून गेल्या. भिंत पाडायला लागेल म्हणाल्या, आणि ती पाडायची तर आधी माझं स्वयंपाकघर उतरवायला लागेल. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दादा म्हणाला, "बाई, मला महिनाभर द्या. मागची माती उपसून नीट भरतो, पुढून आधार देतो. त्यानंतर भिंत केसभर हलली तर माझ्या हाताने पाडीन, आणि पुन्हा थापीला हात लावणार नाही."

वहिनी त्याच्याच बरोबर कामावर असते. ती एवढंच म्हणाली, "असलं काही बोलायच्या आधी घरात विचारावं," आणि घमेलं आणायला गेली.

बाईंनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून घेतली. भिंत जरा सरकली की काच तडकणार. झालं, माझ्या जिवाला घोर. चहा ओतताना, भांडी घासताना, सारखं लक्ष काचेकडे.

कामाला मात्र बहार आली, खोटं कशाला बोलू. पुढून लाकडी टेकू लागले. मागून दादा आणि दोन मजूर वरून खाली थोडी थोडी माती काढत गेले. माती कसली, चिखलच. पिळला असता तर पाणी निघालं असतं. दादाला कोडं पडलं होतं. पाणी बाहेर जावं म्हणून त्याने पायथ्याशी ओळीने सहा पाइप ठेवले होते, बाहेरून त्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती. मग पाणी अडलं कुठे?

पाचव्या दिवशी ते पायथ्याशी पोचले. मी चहा घेऊन वर गेले होते. दादाने पहिल्या पाइपात सळई घातली, ढोसली, ओढली. सिमेंटचा गोळा बाहेर आला आणि त्याला चिकटलेली चिंधी. निळ्यावर पिवळी फुलं. माझ्या जुन्या पडद्याची.

सहा वर्षांपूर्वी मी भिंतीला पांढरा रंग दिला होता, आणि पाइपांतून तांबडे ओघळ यायचे. मग केरसुणीच्या दांड्याने मी सहाही पाइपांत चिंध्या कोंबल्या, वर सिमेंट. गवंड्याची बहीण ना, सिमेंट मला काय नवीन! दादाला कळू नये म्हणून तोंडं तशीच ठेवली होती, सगळं हातभर आत. आणि नंतर विसरूनही गेले होते.

दादाने चिंधीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चिंधी खिशात घातली. "चहा निवतोय," म्हणाला.

मी चहा तिथेच ठेवून खाली आले. लाजेने जीव नकोसा झाला होता. पाइप मोकळे झाले. त्यांच्यामागे दगड, मग खडी, त्यावर गाळणीचं कापड. मग मुरमाचा वीतभर थर, धुमस मारून घट्ट, पुन्हा थर, पुन्हा धुमस. फुगवट्यापुढे लोखंडी सळ्यांचे तीन काँक्रीटचे खांब उभे राहिले. वहिनी दिवसातून तीनदा त्यांच्यावर पाणी मारायची.

महिन्याने बाई आल्या. सगळी आळी जमली. वर दोन टाक्या पाणी सोडलं आणि आम्ही खाली पाइपांकडे डोळे लावून उभे. काही नाही. दादाची बोटं खिशातल्या ओळंब्याच्या दोरीशी चाळा करत होती, आणि दोरीबरोबर त्या चिंधीचं निळं टोक बाहेर डोकावत होतं. मग तिसऱ्या पाइपाला ओल आली, थेंब, आणि धार. मग पहिला, दुसरा, पाचवा. कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं, मग सगळेच. सहाही सुटले तेव्हा मी वहिनीचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगड्या रुतल्या. टाक्या रिकाम्या झाल्या. बाईंनी काचेवरून बोट फिरवलं. अखंड होती. माझा जीव भांड्यात पडला.

बाईंनी वही उघडली. "मुळात भिंत का फुगली? कारण काय लिहू?"

"गवंड्याची चूक," दादा म्हणाला. "पाइप नीट बसवले नव्हते."

या माणसाचं मला डोकंच कळत नाही. एका चिंधीने सुटला असता, आणि आळीसमोर आपल्या पहिल्या भिंतीला नावं ठेवत होता. माझा असा संताप झाला. मी सरळ त्याच्या खिशात हात घातला आणि चिंधी बाईंपुढे धरली.

"हा माझा पडदा. पाइप मी बुजवले. भिंत सरळ होती, असं लिहा."

दादाने मान फिरवली. भिंतीकडे बघत बराच वेळ डोळे पुसत राहिला. मग सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दर महिन्याला सहाही पाइप साफ करायचे. मी येऊन बघणार."

त्या रात्रीचं जेवण माझ्याकडेच होतं. मी त्याचं पान नेहमीप्रमाणे भिंतीसमोर मांडलं. तो भिंतीकडे पाठ करून बसला, आणि पहिला घास घेऊन म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."