दाजींची कधीच बंद न होणारी जीप

कोल्हापुरातले पेट्रोलपंप आमच्या दाजींच्या जिवावर चालतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहायला मंगळवार पेठेत, शेत बावड्याला. ऊस कारखान्याला जातो आणि उसाचं बिल डिझेलच्या टाकीत. त्यांची जुनी जीप एकदा बंद केली की चालू करायला ढकलावी लागते. यावर कुणीही शहाणा माणूस स्टार्टर दुरुस्त करून घेईल. दाजींनी जीप बंद करणंच सोडून दिलं. सकाळी तालमीतले चार गडी ती ढकलून देतात, आणि तिथून रात्रीच्या जेवणापर्यंत ती धडधडत राहते. दाजी न्हाव्याकडे बसले की जीप बाहेर चालू. दाजी अक्षता टाकताहेत, जीप मांडवाबाहेर चालू. एकदा मलकापूरला मयताला गेलो, तर तिथले एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "एवढी घाई असंल तर जावा की पावणं, आमी न्हेतो मयत."

घरी असले की जीप स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. चहा, आंघोळ, पेपर उरकेपर्यंत सगळा धूर आत, आणि अक्का त्यातच खोकत खोकत भाकरी थापणार. डब्यांच्या झाकणांवर बोट फिरवलं तर काळं होतं. मी एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, निदान आंघोळीपुरती तरी बंद करा." तर म्हणाले, "परत चालू कोण करणार, तुमी? दंड बघा की तुमचं." जावईमाणूस, काय बोलणार? डिझेल महागलं की सरकारला शिव्या, त्याही जीपच्या वरताण आवाजात, पण जीप चालूच. गल्लीत बॅटरीवरच्या रिक्षा आल्या, तर यांचं मत असं, "ही काय गाडी हाय व्हय? मागनं आली तर मांजराला बी कळत न्हाय." या माणसाशी वाद घालून माझं डोकं अर्धं पिकलं आहे.

गेल्या हिवाळ्यात अक्काला जिना चढताना दम लागू लागला. मी हट्टानं दोघांना डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे अर्थातच जीपमधून. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, डोळे मिटले, आणि वैतागून उघडले.

"खाली कुणाची गाडी चालू आहे? मला यांच्या छातीतलं काही ऐकू येईना."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ते खाली गेले आणि बारा वर्षांत मी पहिल्यांदा ती जीप दिवसाढवळ्या बंद झालेली ऐकली.

ते वर आले तेव्हा खोलीत सामसूम होती, आणि अक्काच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. डॉक्टर सांगत होते, यांना धुरापासून लांब ठेवा, नाहीतर पुढे घरात ऑक्सिजन आणावा लागेल.

पायऱ्या उतरताना अक्का थांबत थांबत म्हणाली, "उगं कशाला बंद केलीसा? आता ढकलणार कोण?" दाजींनी कुणालाच हाक मारली नाही. तिला बाकावर बसवलं, तिची पिशवी आपल्या हातात घेतली आणि मला बाजूला घेऊन विचारलं. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"पावणं, ही कवापासनं अशी खोकतीया?"

इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. पण दाजी अक्काची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते.

"आत्ता आत्ताच, दाजी," मी म्हणालो.